नॉमिनी झाला म्हणजे घराचा मालक झाला का?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, घरातलं माणूस गेलं आणि आता फ्लॅट कोणाचा. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा देतेय, बाकीच्यांनी रागावू नका. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, एरिया तेवढे ठेवलेत.

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. माझं सासर ऐरोलीला, माहेर विक्रोळीला कन्नमवार नगरात. माहेरचं घर बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं. बाबा २०२० मध्ये गेले, मृत्युपत्र काही केलेलं नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं म्हणून शेअर सर्टिफिकेट दादाच्या नावावर झालं, तेव्हा आम्ही कोणी काही बोललो नाही, घरात दुःख होतं आणि दादावर विश्वास होता. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय आणि दादा म्हणतो मी नॉमिनी आहे, घर माझं, तुम्हा दोघी बहिणींची लग्नं बाबांनी करून दिली तोच तुमचा हिस्सा. आई त्याच्याकडेच राहते म्हणून गप्प आहे. सेक्रेटरी म्हणतात आमच्या रेकॉर्डला जो आहे तो आमचा मेंबर, बाकी आम्हाला माहीत नाही. माझा खरंच काही हक्क नाही का? बाबा गेले तेव्हा आजी, म्हणजे बाबांची आई, गावाला होती, ती २०२२ मध्ये गेली. एक काका आणि एक आत्या आहेत.

उत्तर: ताई, हक्क आहे, पूर्ण आहे, आणि दादाच्या हिश्शापेक्षा एक पैसाही कमी नाही.

नॉमिनी म्हणजे सोसायटीने मेंबर गेल्यावर कोणाशी बोलायचं, मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावाने काढायचं, एवढ्यापुरता नेमलेला माणूस. तो वारसांच्या वतीने घर सांभाळतो, मालक होत नाही. लोक इंद्राणी वाही केसचं नाव घेतात, २०१६ ची, सुप्रीम कोर्टाची, आणि सांगतात की बघा कोर्टाने सांगितलंय नॉमिनीच्या नावावर करा. कोर्टाने सोसायटीला तेवढंच सांगितलं होतं, की तुमच्याकडे नॉमिनेशन आहे ना, मग त्याप्रमाणे रेकॉर्ड बदला, वारसांच्या भांडणात तुम्ही न्यायाधीश होऊ नका. पण त्याच निकालात वारसांना आपला मालकीहक्क कोर्टात मागायची मोकळीक ठेवलीये, ते वाक्य व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये कोणी टाकत नाही. आणि तुमच्या बाबांचं निधन २०२० चं, त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, आपल्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, त्यातल्या कलम १५४ ब-१३ मध्ये सरळ लिहिलंय की नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं, खरे वारस सभासद होईपर्यंत. म्हणजे दादाचं आत्ताचं सभासदत्व कायद्याने तात्पुरतं आहे. सेक्रेटरींना हे कलम लेखी दाखवा, तोंडी नको.

आता लग्नाच्या खर्चाचं. ही गोष्ट मला प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकायला मिळते आणि दर वेळी वाईट वाटतं. लग्नाचा खर्च म्हणजे वारसाहक्क नाही, कायद्यात कुठेही अशी वजाबाकी नाही. दुसरं म्हणजे लोक म्हणतात मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला. तो २००५ चा बदल वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे, त्यावर २०२० मध्ये विनीता शर्मा केसचा निकाल आला तोही त्याच्यावरच. तुमच्या बाबांनी स्वतः कमावून घेतलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, तिथे १९५६ च्या मूळ हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे, लग्न झालेली असो नसो.

पहिल्या वर्गात कोण, तर मुलगा, मुलगी, बायको आणि आई. ही शेवटची सगळे विसरतात! तुमच्या बाबांची आई त्या वेळी हयात होती, त्यामुळे घराचे चार नाही, पाच सारखे भाग झाले, तुमची आई, दादा, तुम्ही दोघी बहिणी आणि आजी. आजी २०२२ मध्ये गेली, तिनेही मृत्युपत्र केलं नसेल असं धरते (आणि आजोबा तिच्या आधीच गेले असं पण), तर तिचा पाचवा भाग तिच्या मुलांकडे जातो, म्हणजे काका, आत्या, आणि तुमचे बाबा आधीच गेलेले म्हणून त्यांच्या वाटणीचं तुम्ही तिघं भावंडं घेता. सुनेला म्हणजे तुमच्या आईला आजीच्या त्या भागातलं मिळत नाही. घराचे ४५ भाग केले असं समजा, तर तुम्हा तीन भावंडांना प्रत्येकी १०, आईला ९, काकांना ३ आणि आत्याला ३. काका आणि आत्या कदाचित काहीच मागणार नाहीत, पण उद्या बिल्डरच्या वकिलाने टायटल तपासलं की त्यांच्या सह्या मागणारच, म्हणून त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, नंतर धावपळ होते. (हे गणित हिंदू कायद्याचं आहे. आमच्या ख्रिश्चन वाचकांसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, तिथे नवरा गेला आणि मुलं असली तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुस्लिम आणि पारशी कुटुंबांचे नियम परत वेगळे.)

करायचं काय, तर घाई इथेच आहे. रिडेव्हलपमेंटमध्ये जो काही फायदा येतो, ट्रान्झिटचं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, आणि मुख्य म्हणजे नवीन फ्लॅटचा करार, ज्याला सगळे पी ट्रिपल ए म्हणतात, तो सोसायटीच्या रेकॉर्डवरच्या मेंबरच्या नावाने होतो. एकदा तो दादाच्या एकट्याच्या नावाने रजिस्टर झाला की हक्क तुमचा जात नाही, पण तो मिळवायला पाच-दहा वर्षं कोर्टाच्या चकरा. म्हणून त्याच्या आधी सोसायटीला आणि डेव्हलपरला दोघांनाही लेखी हरकत द्या, बाबांचा मृत्यू दाखला जोडून, सगळ्या वारसांची यादी लिहून, की या घरात आमचा हिस्सा आहे आणि करारात सगळ्या वारसांची नावं घेतल्याशिवाय करार करू नये. कॉपीवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. नॉमिनेशन फॉर्मची आणि शेअर सर्टिफिकेटची कॉपी मागा.

मग दादाशी बसा. खरंच बसा, फोनवर नको. माझा अनुभव असा की पंचवीस टक्के भांडणं ही हक्काची असतात आणि बाकीची कोणी विचारलं नाही याची असतात. तुम्हाला रोख नको, घरात हिस्सा नको, पण आईला तहहयात छप्पर हवं असं असेल तर तेही लेखी कौटुंबिक व्यवस्थेत लिहिता येतं. दादाला एकट्याला घर द्यायचं ठरलं, मोबदला घेऊन किंवा न घेता, तर हक्कसोडपत्र रजिस्टरच करावं लागतं, नोटरी केलेल्या हक्कसोडपत्राला घराच्या बाबतीत काही किंमत नाही. आणि पटलं नाहीच तर सिटी सिव्हिल कोर्टात वाटपाचा दावा आणि त्यातच मनाई हुकमाचा अर्ज. दावा लावला की त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे या घरावर दावा चालू आहे अशी, नोटीस सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करायला वकिलांना आठवणीने सांगा, मुंबईत ती नोंदवल्याशिवाय नंतर घर घेणाऱ्यावर दाव्याचा बंधनकारक परिणाम होत नाही, आणि हे राहून गेल्यामुळे जिंकलेली माणसं पण अडकलेली मी पाहिलीत.

एक स्वतःचं सांगते. माझ्या आजोबांच्या तेराव्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी आईच्या पुढ्यात कागद ठेवले गेले, ताई इथे सही कर, सोसायटीला लागतात, आणि आईने चहाचा कप बाजूला ठेवून सह्या केल्या. त्यातला एक हक्कसोडपत्राचा होता, पुढे तिला रजिस्ट्रेशनलाही नेलं, तिला वाटलं हाच तो सोसायटीचा कागद. तिला पैसे नको होते, ती आयुष्यभर एवढंच म्हणत राहिली की मला विचारलं असतं तर मी स्वतःहून दिलं असतं. त्यामुळे वाचणाऱ्या सगळ्या बहिणींना हात जोडून सांगते, दुःखाच्या दिवसात कुठल्याही कागदावर सही करू नका, महिनाभर थांबा, थांबल्याने कोणाचं काही बुडत नाही. आणि भावांनो, तुम्ही पण ते कागद त्या दिवसांत पुढे करू नका.

तुमच्या आईचं राहिलं. ती दादाकडे राहते म्हणून गप्प आहे हे मला कळतं, पण तिचा ४५ पैकी ९ भाग तिचा स्वतःचा आहे, तो तिने कोणाला द्यायचा हे तिलाच ठरवू द्या, तुम्ही पण तिच्यावर जोर करू नका.

प्रश्न: मी ७१ वर्षांची, मुलुंडला राहते. हे गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी माझ्या नावावरचा फ्लॅट मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने केला, सगळे म्हणाले पुढे त्याचाच आहे ना मग आत्ताच कर. आता सून आणि मुलगा मला किचनमध्ये येऊ देत नाहीत, औषधाला पैसे मागितले तर ओरडतात, गेल्या आठवड्यात म्हणाले मुलीकडे जाऊन राहा. बक्षीसपत्र परत घेता येतं का?

उत्तर: काकू, आधी एक, घर सोडून जाऊ नका. रागाने बॅग भरून मुलीकडे गेलात की परत आत येणं अवघड होतं. फारच त्रास असेल, हात उगारला जात असेल तर पोलीस स्टेशन, आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे त्यावर फोन करा.

२००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा तुमच्यासाठीच आहे. त्यातलं कलम २३ म्हणतं की सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अडचण अट या शब्दात आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा केसमध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं आई आहे म्हणून आपोआप अट धरली जाणार नाही. पण मग जानेवारी २०२५ मध्ये ऊर्मिला दीक्षित केस आली, त्यात एका आईने मुलाला घर दिलं होतं, मुलाने त्याच वेळी वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं की मी शेवटपर्यंत सांभाळीन, आणि कोर्टाने दोन्ही कागद एकत्र वाचून बक्षीसपत्र रद्द केलं, घराचा ताबा आईला परत द्यायला सांगितला, आणि असंही म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे तर तो त्या नजरेने, उदार मनाने वाचायचा.

म्हणून तुमच्या बक्षीसपत्राचा एकेक परिच्छेद मुलीकडून वाचून घ्या. आई माझ्यासोबतच राहील, तिचा सांभाळ मी करीन, असं एक वाक्य जरी असलं तरी ते फार मोठं आहे. कागदात नसेल तर त्या दिवसांतले मेसेज, मुलाने नातेवाइकांना लिहिलेलं काही, सोसायटीला दिलेलं पत्र, जे सापडेल ते काढा.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत म्हणतो ना आपण, त्यांच्या न्यायाधिकरणात करायचा. साध्या कागदावर चालतो, वकील लागतोच असं नाही, तुमच्या वतीने मुलगी किंवा एखादी संस्था पण अर्ज करू शकते. बक्षीसपत्र रद्द करण्यासोबत महिन्याचा निर्वाहखर्च पण त्याच अर्जात मागा, १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतो, निर्वाहाच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यायचा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात थोडं पुढेमागे होतं, पाठपुरावा करावा लागतो. आणि न्यायाधिकरणाने बक्षीसपत्राबाबत नाही म्हटलं तरी तुम्ही बाई आहात, त्या घरात राहताय, म्हणून घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेट कोर्टात त्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो, तो रस्ता उघडा आहे. बाईंना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करून विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

इतर वाचकांना, तुमच्यातले बरेच जण आत्ता हाच विचार करत असतील की हयातीतच मुलांच्या नावावर करून टाकू. नका करू. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करून घेतलेलं बरं, आणि मन बदललं तर दहा वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा रजिस्टर झालं की घर गेलं. द्यायचंच असेल तर त्यात दोन गोष्टी लिहून घ्या, मी तहहयात इथे राहणार, आणि मुलाने माझा सांभाळ, औषधपाणी करायचं या अटीवर देतेय. मुलगा चांगला असेल तर त्याला या दोन ओळींचा राग येणार नाही.

प्रश्न: माझं प्रभादेवीला छपाईचं छोटं युनिट आहे, चार माणसं कामाला. एका पार्टीने कॅटलॉग छापून घेतले, ३ लाख ८० हजारांचं बिल, चेक दिला तो १० जूनला रिटर्न आला, फंड्स इनसफिशियंट. पार्टी जुनी आहे, म्हणते गणपती झाले की नक्की देतो. थांबू का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र १ जुलैला हातात पडलं आणि अंक यायला वेळ होता म्हणून तुम्हाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, नोटीस काढा. बाकीच्यांसाठी हिशोब इथे लिहिते कारण चेकच्या केसमध्ये पैसे बुडतात ते बहुतेक वेळा तारखेमुळे बुडतात.

चेक परत आल्याची बँकेची मेमो हातात आली त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, म्हणजे तुमच्या केसमध्ये १० जुलैच्या आत. नोटीस पार्टीला समजा १४ जुलैला मिळाली, तर तिथून १५ दिवस त्याला पैसे द्यायला, म्हणजे २९ जुलैपर्यंत. नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार दाखल, म्हणजे २९ ऑगस्ट धरून चाला. आता बघा, गणपती बसतात ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरमध्ये, त्यामुळे गणपती झाले की देतो या शब्दावर जो थांबला त्याच्या नोटिशीची मुदत कधीच गेलेली असते. तक्रारीला थोडा उशीर झाला तर योग्य कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं, पण नोटिशीच्या ३० दिवसांना माफी नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील तर चेक परत बँकेत टाकून नवीन मेमो घेता येते, ही एक वाट राहते, आणि आधी एकदा नोटीस दिलेली असली तरी ती बंद होत नाही.

नोटिशीत चेकची रक्कमच मागा, त्यात व्याज, नुकसानभरपाई, वकील फी असं सगळं एकत्र कालवून एकच आकडा लिहू नका, बचाव पक्ष तिथेच बोट ठेवतो. चेकचा नंबर, तारीख, रक्कम, बिल नंबर स्वच्छ लिहा. केस तुमची बँक ब्रांच जिथे आहे तिथल्या कोर्टात चालते, २०१५ पासून, त्यामुळे पार्टी सुरतेची असली तरी तुम्हाला सुरतेला जायला लागत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, आणि केस चालू असताना कोर्ट २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी द्यायला सांगू शकतं.

पार्टी जुनी आहे, संबंध बिघडतील, हे तुम्ही फोनवर तीनदा म्हणालात. मला ते समजतं, आपल्याकडे धंदा तोंडावरच चालतो. पण नोटीस दिली म्हणजे संबंध तोडला असं नाही, नोटिशीनंतर पण बसून हप्ते ठरवता येतात, फक्त ते लेखी ठरवा. तुमच्या चार माणसांचा पगार गणपतीनंतरवर थांबत नाही ना, त्यांच्या घरी पण गणपती असतो.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन नसेल तर आजच करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल कराराने ठरलं असेल तेवढ्या दिवसांत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि काहीच लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं, एमएसएमईडी कायदा २००६. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. शिवाय आता इन्कम टॅक्समध्ये पण आलंय की मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च पार्टीला दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो, हे त्याच्या सीएला चांगलं माहीत असतं, त्यामुळे बिलावरच तुमचा उद्यम नंबर छापा. काम घेण्याच्या आधी रजिस्ट्रेशन असेल तर पुढे वाद होत नाही.

प्रश्न: चेंबूरचा वन बीएचके भाड्याने देतोय. भाडेकरू म्हणतो ११ महिन्यांचं नोटरी करू, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला.

उत्तर: नोटरी चालत नाही, ११ महिने असोत की ३६. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर पाहिजेच आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उद्या वाद झाला तर रजिस्टर कागद नसताना अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलटं सिद्ध करत नाही. रजिस्टर असेल आणि मुदत संपूनही तो निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे कलम २४ खाली अर्ज करून घर परत मिळतं आणि तोपर्यंत दुप्पट भाडं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून केलेली रक्कम मिळवतात, आणि मुंबईत रजिस्ट्रेशन फी १,०००. दोघांचे आधार आणि अंगठे, घरी बसून होतं. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती पण द्या. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो, लावेल, तो सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही.

प्रश्न: भांडुपला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, मी आणि एक मुलगा, दोघंच. मराठी पाटी मला पण लागू आहे का?

उत्तर: हो. आधी दहापेक्षा कमी माणसं असलेली दुकानं सुटायची, २०२२ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांना लागू. देवनागरीतलं मराठी नाव असलंच पाहिजे आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. पाटी करून घ्या.

प्रश्न: लालबागला आमची पागडीची खोली. आई भाडेकरू होती, पावती तिच्या नावावर, ती या वर्षी गेली. मी लग्न केलं नाही, आईसोबत तिथेच राहिले, तिचं सगळं मीच केलं. भाऊ वीस वर्षं विरारला आहे, तो म्हणतो आईने खोली मला दिली आहे, तिच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र आहे. मालक पावती कोणाच्याच नावावर करत नाही, भाडं पण घेत नाही.

उत्तर: ताई, घाबरू नका, तुमची बाजू मजबूत आहे. पागडीच्या खोलीची आई मालक नव्हती, भाडेकरू होती, आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच वसंत पंडित केसमध्ये सांगितलंय, ती केस पण आपल्या जुन्या मुंबई भाडे कायद्याचीच होती. त्यामुळे मृत्युपत्र अगदी खरं असलं, आईच्याच अक्षरात असलं, तरी खोलीपुरतं त्याचा उपयोग नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५) मध्ये असं आहे की राहत्या घराचा भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. असं सोबत राहणारं कोणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार. भाऊ विरारला, तुम्ही खोलीत, प्रश्न इथेच सुटतो.

पण हे सिद्ध करायला कागद हवेत. रेशन कार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव, बँक पासबुक, आईच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये नातेवाईक म्हणून केलेली तुमची सही, गॅसचं कार्ड, जिथे जिथे तो पत्ता आणि तुमचं नाव आहे ते सगळं एका फाइलमध्ये लावा. शेजारच्या दोन जुन्या भाडेकरूंना विचारून ठेवा की लागलं तर ॲफिडेव्हिट कराल का, चाळीतली माणसं याला नाही म्हणत नाहीत.

मालक भाडं घेत नाही म्हणून गप्प बसू नका, तो थकबाकीचं कारण करून उद्या दावा लावेल. दर महिन्याला मनी ऑर्डरने पाठवा, परत आली तर परत आलेली कुपनं पण ठेवा, सोबत एकदा पत्र द्या की आई अमुक तारखेला गेली, मी तिच्यासोबत राहत होते, पावती माझ्या नावावर करावी. उत्तर आलं नाही तर धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, स्मॉल कॉजेसला, तुम्हीच भाडेकरू आहात असं जाहीर करून घेण्याचा दावा लावायचा, त्यात मालक आणि भाऊ दोघांनाही पक्षकार करा म्हणजे एकाच निकालात दोघं बांधले जातील. इमारत जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, असेल तर हे लवकर करा, कारण रिडेव्हलपमेंटमध्ये जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं आणि पात्र भाडेकरूंच्या यादीत नाव कोणाचं यावरच पुढे सगळं चालतं. भाऊ त्या ३०० फुटांकडे बघूनच आत्ता आलाय असं मला वाटतं, तरीही त्याच्याशी एकदा बोला, आईची भांडी, देव, फोटो यावर त्याचाही जीव असेल, त्यातलं त्याला हवं ते द्या. खोलीच्या किल्ल्या मात्र देऊ नका, आणि गावाला जाणार असाल तर कुलूप तुमचंच असू द्या.